चौथ्या रांगेचे नऊ दिवस

३ एप्रिल

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. त्याने विचारलं, "बायकोला का?" मी म्हटलं, "नाही, संशयिताला." तो हसला नाही. सरकारी माणसं हसत नाहीत, की माझे विनोदच तसे असतात, देव जाणे.

मुद्द्याचं लिहितो. ज्या शीतगृहाच्या छतावर तू तीन वर्षं सोलर पॅनलांचं तापमान मोजलंस, तिथे आता मी आहे. निव्वळ योगायोग. त्यांना महिनाभर मोजणारा माणूस हवा होता आणि मी रिकामा होतो. त्याआधी छापखान्यात होतो, त्याआधी बोटीवर भांडी घासत होतो, त्याआधी एका लाँड्रीत. लाँड्रीतून मला कुणी काढलं नाही, मीच निघालो. (बाबांना हे खरं वाटत नाही.) मी तुझा भाऊ आहे हे इथे कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तुझ्यामागे काय चाललंय ते तुला ठाऊक असेलच, तरी सांगतो, म्हणजे मला किती कळलंय तेही तुला कळेल. चौथी रांग वीज कमी देते. पॅनल बनवणारी कंपनी म्हणते, आमच्या मालात खोट नाही, तुमच्या छतावर तो जास्त तापतो. तुझी वही म्हणते, तापून जेवढी वीज कमी व्हावी त्याहून बरीच जास्त कमी होतेय, तेव्हा पॅनलच बिघडलेत, बदलून द्या. म्हणजे सगळं भांडण तुझ्या वहीवर टांगलंय. आणि इथल्या साहेबांनी 'वहीतले सगळे आकडे खरे आहेत' एवढ्या एका ओळीखाली तुला सही करायला सांगितलं, तेव्हा तू पेन खाली ठेवलंस आणि जिना उतरून निघून गेलीस. परत आली नाहीस.

साहेब मला म्हणाले, "ज्याचं खरं असतं तो सहीला घाबरतो का रे? खोलीत पंख्याखाली बसून लिहायची ती आकडे."

आता मी महिनाभर मोजायचं, तुझ्या आकड्यांशी ताडून बघायचं आणि तीस तारखेपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा. वही खरी की बनावट. बनावट लिहिलं तर पॅनल गेलेच, आणि तुझं मोजणीचं प्रमाणपत्रही रद्द. मग कुठल्याही छतावर तुला कुणी उभं करणार नाही.

माझं मत तू विचारणार नाहीस, पण देतो. आई दवाखान्यात दहा दिवस होती. आत्याने तुला फोन केला, तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास. आली नाहीस. जो माणूस तिथे येत नाही तो खोलीत बसून आकडेही लिहू शकतो. मला तरी असंच वाटतं.

भोवरा


९ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मान वळते. मानेला काय सांगू.

सातव्या रांगेखाली कबुतरांनी संसार थाटलाय. एका कबुतराला फक्त दीड पाय आहे आणि तेच सगळ्यांवर दादागिरी करतं. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिण्यासारखं आहे, पण राहू दे.

मला काम शिकवलं ते वायरमननी. सगळे त्यांना फेज काका म्हणतात, कारण पंखा बंद पडो की जावई रुसो, ते आधी म्हणतात, "फेज येतोय का बघ." पहिल्या दिवशी त्यांनी मला पॅनलच्या मागचं लेबल वाचायला लावलं.

"काय लिहिलंय?"

"तीनशे वॉट."

"कधी?"

"कधी म्हणजे? ऊन असेल तेव्हा."

"पॅनल पंचवीस अंशांवर असेल तेव्हा. आता काचेला हात लाव." लावला, आणि काढला. "हे पंचवीस आहे का?"

"काका, यावर इस्त्री होईल."

"मग! पंचवीसच्या वर एकेक अंश चढला की शंभर वॉटमागे पॉइंट चार वॉट गळतो. ऊन पाहिजे, ताप नको. नवऱ्याने कमवून आणावं पण दिवसभर घरात बसू नये, तसं."

नववीत दोनदा बसलो तरी एवढा गुणाकार मला येतो. पॅनल पासष्टवर असेल तर चाळीस अंश जास्त. चाळीस गुणिले पॉइंट चार, सोळा टक्के गेले. तीनशेचे उरले दोनशे बावन्न. आणि भर उन्हात चौथ्या रांगेतला पॅनल देतो सव्वादोनशे! मधले सत्तावीस वॉट कुठे जातात?

आता ऐक. साहेबांनी मला बंदूक दिलीय. लांबून नेम धरायचा, घोडा दाबायचा, तापमान दिसतं. दुपारी एकला चौथ्या रांगेवर नेम धरला. अठ्ठेचाळीस. तुझ्या वहीत गेल्या वर्षी याच दिवसांत, एवढ्याच उन्हात, पासष्ट. आणि कंपनीने रांगेच्या शेवटच्या पॅनलला कायमचा चिकटवलेला सेन्सर म्हणतो सत्त्याहत्तर. सत्त्याहत्तर धरले तर वीस टक्क्यांवर वीज तापानेच जाते, उरलेली धुळीवर ढकलता येते, कंपनी सुटली. पासष्ट धरले तर कंपनी अडकली. अठ्ठेचाळीस धरले तर मला वेड्यात काढतील. एक रांग, एक दुपार आणि तीन साक्षीदार, तिघांचे तीन चोर.

मी यादी केलीय. पहिला संशयित कंपनीचा माणूस. एवढ्या उन्हात टाय बांधतो, मी त्याला टायवाला म्हणतो. असा माणूस काहीही करू शकतो. दुसरे साहेब. रोज एक वाजून दहाला छत्री घेऊन छतावर येतात, चौथ्या रांगेजवळ उभे राहतात, "काय, चाललंय ना?" म्हणतात आणि जातात. आणि रोज एक वाजून दहा मिनिटांनी चौथ्या रांगेची वीज अचानक पडते आणि पाच मिनिटांनी चढते. इन्व्हर्टरमध्ये दर पाच मिनिटांची वीज आणि दर पाच मिनिटांचं ऊन आपोआप नोंदलं जातं, तिथे दिसलं. तो माणूस तिथे उभा राहून काय करतो? तिसरे फेज काका. तुझं नाव काढलं की ते स्क्रू शोधायला लागतात. हातात स्क्रू असला तरी.

चौथी तू. क्रम उलटा लावला तरी चालेल.

भोवरा


१५ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांत पहिलं. 'प्रिय' नाही, 'कसा आहेस' नाही, सहीसुद्धा नाही. "बंदूक ठेव. मागून मोज. मधल्या चौकोनाच्या पाठीवर सेन्सर, वर टेप, दोन मिनिटं थांब. आलेल्या आकड्यात दोन मिळव." बस्स. मी तुला खोटारडी म्हटलं, आईच्या वेळी आली नाहीस म्हटलं, ते सगळं तुला चाललं. मी काचेवरून मोजतो हे मात्र तुला सहन झालं नाही.

फेज काकांना कार्ड दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "मागून मोजलं तर?" तर म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "स्वप्नात आलं." ते म्हणाले, "तुझ्या स्वप्नाचं अक्षर चांगलं असणार," आणि पाना शोधायला गेले. माझी शंका बळावत चाललीय.

पाठीवर झोपून पॅनलखाली सरपटत गेलो. दीड पायाच्या कबुतराने माझी बदनामी केली ती सांगत नाही, सदरा धुतलाय. सेन्सर टेकवला, टेप लावली, दोन मिनिटं थांबलो. त्रेसष्ट. अधिक दोन (पाठ आतल्यापेक्षा तेवढी गार असते म्हणे), पासष्ट. शेजारचा पॅनल चौसष्ट. दुसऱ्या दिवशी वारा होता, एकसष्ट. तुझ्या वहीतही वाऱ्याच्या दिवशी आकडे उतरलेले आहेत. तीन दिवस झाले, तुझ्यासारखंच रोज अकरा, एक आणि तीन वाजता मोजतो. तेवढ्याच उन्हावाऱ्याच्या तुझ्या जुन्या दिवसांशी ताडतो. दीड-दोन अंशांपलीकडे फरक जात नाही.

बंदुकीची गोष्ट काकांनी उलगडली. मी तिरका उभा राहून नेम धरत होतो. चकचकीत काच तिरक्या नजरेला आरशासारखी वागते. मी पॅनल नाही, आकाश मोजत होतो! आकाश थंड असतं म्हणे. असेल बुवा, मी तिकडे अजून काम केलेलं नाही.

मग सत्त्याहत्तरचं बघायला रांगेच्या टोकाला गेलो. बिनचूक सेन्सर, नवी वायर. पण खालून हे गरम वारं! आतली फळं थंड ठेवायची तर आतली उष्णता कुठेतरी फेकायला हवी, ती फेकणारे चार मोठे पंखे भिंतीला लावलेत, आणि त्यांचं तोंड बरोबर त्या शेवटच्या पॅनलकडे. सबंध रांगेचा ताप मोजायचा आणि थर्मामीटर चुलीजवळच्या माणसाच्या तोंडात! तो सेन्सर टायवाल्याने मुद्दाम तिथे लावला की वायर तिथपर्यंतच पुरत होती, हे मला सांगता येणार नाही. मुद्दाम असं मी धरून चाललोय.

साहेबांची भानगड हसण्यासारखी निघाली. त्यांच्या छत्रीची सावली पॅनलवर पडते. रांगेतले पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले, एकावर सावली आली की सगळी माळ ढेपाळते. माणूस रोज येऊन विचारतो चाललंय ना, आणि त्याच्या विचारण्यानेच बंद पडतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी छत्री मिटली, डोक्याला चटका बसला, पुन्हा उघडली आणि म्हणाले, "हे फॉर्मात लिहू नकोस."

तर तुझी वही खरी आहे. तीन दिवसांत मी दोनदा 'वही खरी' असं फॉर्मवर लिहायला बसलो. हात थांबला. ताई, वही खरी असताना तू सही का केली नाहीस? खोटं बोलणाऱ्याने सही टाळली तर समजतं. खऱ्याने का टाळावी?

मी सगळी वही पहिल्या पानापासून तपासायला घेतोय.

भोवरा


२१ एप्रिल

सापडलं.

मायना लिहायचा राहिला, राहू दे.

मी असं केलं. इन्व्हर्टरमधून तिन्ही वर्षांचं ऊन आणि वीज काढली, कारण त्या नोंदी माणसाच्या हातच्या नाहीत. मग रोजच्या उन्हावरून आणि विजेवरून उलटा हिशोब केला, की एवढ्या उन्हात एवढी वीज यायला पॅनल किती तापलेला हवा. चौथीच्या बिघाडाने घोळ होऊ नये म्हणून पाचवी आणि सहावी धडधाकट रांग घेतली. मग तुझा आकडा शेजारी मांडला. चार दिवस हेच करतोय. जेवताना पण. इथल्या खानावळीवाल्याने विचारलं, "परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "हो, दुसऱ्याची."

पान जुळतं, पान जुळतं, पान जुळतं. आणि मग दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

त्या फेब्रुवारीत थंड वारं सुटलं होतं. मला आठवतं, मी बोटीवर होतो आणि कान ठणकत होते. गार वाऱ्यात पॅनल गार होतो आणि वीज वाढते. इन्व्हर्टरमध्ये ती वाढ स्वच्छ दिसते, तेवढ्याच उन्हात आठ टक्के जास्त. म्हणजे पॅनल बेचाळीसच्या आसपास असणार. आणि तुझ्या वहीत? ६२. ६३. ६२. ६२. ६१. दिवसातून तीन वेळा, नऊ दिवस, शिस्तीत. शेजारच्या खोलीतल्या माणसाने तोंडपाठ म्हणावं तसे. बाहेर वारं घोंगावतंय आणि तुझ्या वहीत पान हलत नाही.

तू छतावर गेलीच नव्हतीस.

तर साहेबांचं खरं. खोलीत बसून लिहायची! मला राग आला, मग राग आला म्हणून बरं वाटलं, कारण दोन वर्षं मी हेच धरून बसलो होतो. फॉर्म काढला. 'बनावट' मधला 'ब' लिहिला.

तेवढ्यात फेज काका आले. म्हणाले, "काय लिहितोस?" मी विचारलं, "काका, सलग नऊ दिवस छतावर कुणी मोजायला चढलं नाही आणि तुम्हाला कळलं नाही?"

"मी खाली फ्यूज बघत होतो."

"नऊ दिवस?"

"फ्यूज पुष्कळ आहेत."

"आणि रजा का नाही घेतली तिने?"

तेव्हा ते बसले. म्हणाले, कंपनीशी केलेल्या करारात नियम आहे, सलग तीन दिवस वही कोरी राहिली तर त्या वर्षाचं सगळं मोजमाप बाद. तिच्याशिवाय कुणाला नीट मोजता येत नव्हतं, मला वाकता येत नाही, साहेबांना छत्री सोडवत नाही. "आणि तारखा बघितल्यास का? का नुसते आकडेच बघत बसलास? शिडी चढताना डावा पाय आधी टाकतोस, तिच्यासारखा. मला वाटलं तारखा तुला पाठ असतील."

तारखा बघितल्या, ताई. चार ते बारा फेब्रुवारी.

आई चारला दाखल झाली. तेराला सकाळी गेली.

तेरा तारखेच्या पानावर सकाळी अकरा वाजताची नोंद कोरी आहे. एक वाजता चव्वेचाळीस. हिशोबाने बघितलं, तो आकडा खरा आहे. आम्ही आईला घेऊन निघालो होतो तेव्हा तू छतावर मोजत होतीस. अकरा वाजता कुठे होतीस? दवाखान्यात जाऊन रिकामी खाट बघून परत आलीस ना?

मी 'ब' खोडला नाही. पुढेही लिहिलं नाही. मला अजून खात्री नाही. तारखा जुळतात, पण तारखा कशाशीही जुळतात.


२५ एप्रिल

ताई,

आज तीन गोष्टी कबूल करतो, मग चौथी सांगतो.

एक, मी इथे योगायोगाने आलेलो नाही. तू काम सोडलंस आणि वहीवरून भानगड चाललीय, हे आत्याकडून कळलं, म्हणून छापखाना सोडून आलो. तुला वाचवायला नाही. तुला खोटं पडताना जवळून बघायला. दोन, तुझा पत्ता फेज काकांच्या डायरीतून चोरला. चोरायची गरज नव्हती, डायरी त्यांनी माझ्यासमोर उघडी ठेवली होती, आता कळतं. तीन, आईच्या त्या दहा दिवसांत मीही जवळजवळ नव्हतोच. बोट बंदराला लागेपर्यंत निरोपच मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. निरोप चौथ्या दिवशी मिळाला होता. पुढच्या बंदरात काहीतरी बघण्यासारखं आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. बाराच्या संध्याकाळी पोचलो. आईने मला ओळखलं, म्हणाली, "थोरली येऊन गेली." बाबा म्हणाले, "ग्लानीत बोलते." मी मान डोलावली.

आता चौथी. काल बाबांना फोन केला. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळ निघालं.

"बाबा, तुम्ही दवाखान्यातून घरी कधी जायचात?"

"साडेदहाला. आंघोळ, दोन घास, जरा पडायचो. चारला परत. का?"

"त्या वेळात तिच्याजवळ कोण असायचं?"

"आया असायची."

"ताई यायची का?"

मग खोकला ऐकू आला.

"तुला कुणी सांगितलं?"

बघ ताई. 'नाही' म्हणाले नाहीत. 'कुणी सांगितलं' म्हणाले!

मी वहीचं, नऊ दिवसांचं आणि फॉर्मचं सांगितलं. मग तेच बोलायला लागले. म्हणाले, दुसऱ्या दिवशी चारला परत आलो तर तुझ्या आईची वेणी घातलेली. चार पेडांची, घट्ट. तिसऱ्या दिवशीही. आयाला विचारलं तर ती म्हणाली, मला तीन पेडांची पण धड येत नाही. "चार पेडांची कुणाला येते ते मला ठाऊक नव्हतं का? तुझ्या आईने एकीलाच शिकवली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मीच म्हणालो होतो ना, लग्न मोडून गेलीस, आता तुझं तोंड दाखवू नकोस. तिने नाही दाखवलं. मी रोज साडेदहाच्या ठोक्याला निघायचो. एक दिवस झोप झाली होती, भूकही नव्हती, तरी निघालो. म्हटलं, ती बाहेर कुठेतरी उभी असेल."

"आणि दोन वर्षं सगळ्यांना सांगत राहिलात, ती आली नाही म्हणून?"

"एकदा सांगितलं. मग तेच सांगत राहावं लागलं."

ताई, नऊ दिवसांच्या खोट्या नोंदी फक्त तुझ्या वहीत नाहीत. पण तू तुझ्या नोंदींखाली सही केली नाहीस. 'सगळे आकडे खरे आहेत' असं तुला लिहिता येईना, आणि नऊ दिवसांचे खोटे का आहेत हे सांगवेना. मी यादीत तुला चौथी धरली होती. आता यादीत कुणाला ठेवू?

फॉर्मचं सांगतो. त्यात तिसरा पर्याय आहे, आधी नीट वाचलाच नव्हता. 'काही नोंदी चुकीच्या असल्यास तारखा व कारण.' तारखा मी भरल्या. कारणाचा रकाना भरायला मला तुझी परवानगी हवी. नऊ दिवस लपवून 'सगळं खरं' लिहावं, असाही मोह झाला. साहेबांना चाललं असतं, फेज काकांनाही. पण टायवाल्याकडेही इन्व्हर्टरच्या त्याच नोंदी आहेत आणि त्यालाही गुणाकार येत असेल. आणि तू जे लिहायला नकार दिलास ते तुझ्या वतीने मी लिहायचं, हे काही बरोबर नाही.

तीसच्या आत दोन ओळी पाठव. नाहीतर 'नको' म्हण.

भोवरा


१ मे

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. तीसच्या सकाळच्या टपालापर्यंत वाट पाहिली. रकाना कोराच ठेवून द्यायचं ठरवलं होतं. कोरा ठेवला तर साहेबांनी 'हलगर्जी' असं स्वतःच भरलं असतं, त्यांची पेन्सिल तयार होती.

काल दुपारी बारा वाजता बाबा आले. न कळवता. हातात पिशवी, डोक्यावर रुमाल. दरवानाने अडवलं तर म्हणाले, "मुलाकडे आलोय." मग थोडं थांबून म्हणाले, "मुलीच्या कामासाठी." म्हणजे मी इतके दिवस जे लपवलं होतं ते दारातच फुटलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. "तू तिचा भाऊ? आणि वही तपासतोयस?"

मी म्हटलं, "म्हणूनच जास्त संशयाने तपासली, साहेब. सगळे हिशोब टेबलावर आहेत, कुणालाही करून बघू द्या." त्यांनी दोन तास कागद चाळले. इन्व्हर्टरच्या नोंदींवरून स्वतः चार दिवस ताडून बघितले, त्यांतले दोन त्या नऊमधले. मग म्हणाले, "नऊ दिवसांपायी ते एक वर्ष बाद झालं तरी बाकीची दोन टिकतील. चौथ्या रांगेचा दावा उभा राहतो." आणि प्रमाणपत्राचं? "ते वर ठरवतील. कारण बघून. काही महिने थांबवतील, नाहीतर नुसती समज देतील. कारणच नसेल तर गेलं." आणि पेन्सिल उचलली.

बाबांनी फॉर्म मागितला. चष्मा पिशवीत सापडेना, तर फेज काकांनी आपला दिला. बाबांनी आधी लिहिलं, 'घरगुती अडचण'. बघत बसले. ते खोडलं. मग बराच वेळ लावून लिहिलं. मी जसंच्या तसं उतरवतो:

'या नऊ दिवसांत माझी मुलगी दवाखान्यात आपल्या आईजवळ होती. मी तिला घरातून जा म्हटलं होतं म्हणून तिला रजेसाठी खरं कारण सांगता आलं नाही. ती आली होती हे मला माहीत होतं. — वडील.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे कारण कुठल्या नियमात बसत नाही."

"मग नियमाला म्हणा, जरा सरकून बस," फेज काका म्हणाले.

साहेबांनी पेन्सिल ठेवली. शिक्का मारला, जरा तिरका बसला. फॉर्म संध्याकाळच्या टपालाने गेला.

नंतर बाबा म्हणाले, छत बघायचंय. मी म्हटलं, ऊन आहे. म्हणाले, "ती काय सावलीत मोजायची?" वर आल्यावर विचारलं, ती नेमकी कुठे उभी राहायची. मी सांगितलं, उभी नाही, खाली झोपून मोजायची, या चौथ्या रांगेखाली. त्यांनी वाकून खाली पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं कंबर धरली.

जाताना बसस्टॉपवर त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिलेला नाही. महिनाभर तुझ्यावर हवे तेवढे संशय घेतले, कुठलाही तुला विचारून घेतला नाही. हे एवढं विचारून करतो.

देऊ का?

भोवरा